शिक्षक व्हायचंय? आधी इयत्ता ठरवा

जळगाव जिल्ह्यातल्या भडगावात पदवी घेतलेल्या अनेकांना वाटतं, बी.एड. केलं की कोणताही वर्ग शिकवता येतो. तसं नाही. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते, या वर्गांना बी.एड. चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला. बी.एड. उपयोगी पडतं ते सहावीपासून पुढे.

जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 1990 साली स्थापन झालं. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत बी.एड.ला प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून (सीईटी) मिळतो. खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान 50 टक्के गुण हवेत. 2015 पासून नेहमीचा बी.एड. दोन वर्षांचा आहे. त्यात बालमानसशास्त्र, अध्यापनपद्धती, पाठ टाचणं आणि मुख्य म्हणजे प्रत्यक्ष शाळेतली आंतरवासिता असते. ती चुकवू नका. वर्ग सांभाळणं तिथेच कळतं.

आठवीपर्यंत शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हावं लागतं: 150 पैकी 90 गुण, राखीव प्रवर्गांना सवलत. पुढे शिक्षक भरतीसाठी 200 गुणांची अभियोग्यता चाचणी आणि राज्याच्या ‘पवित्र’ पोर्टलवर नोंदणी. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतः वाचा.