घरी बांधायचा सीएनसी राउटर : यंत्र नेमके कुठे वाकते?

मार्चमध्ये बांधलेले माझे पहिले यंत्र जुलैत खोटे बोलू लागले. दाराच्या फळीवर 300 मिलिमीटरचा चौरस कोरला, आणि डोळ्यांना तो चौरसच दिसत होता. वडिलांचे आयुष्य कोकणात सुतारकामात गेले. त्यांनी टेप घेऊन दोन्ही कर्ण मोजले आणि काही न बोलता टेप माझ्या हातात दिला. कर्णांत मिलिमीटरभर फरक होता. सांगाडा प्लायवूडचा होता आणि त्याच्या कडा मी रंगवल्या नव्हत्या. पावसाळी हवेत बाजूच्या एका फळीला बाक आला होता आणि त्या बाकाबरोबर सगळे यंत्र काटकोनातून सरकले होते. कोरलेली फळी सागवानी होती, गिऱ्हाइकाची होती. ती भरून द्यावी लागली.

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांबरहुकूम तीन दिशांना सरकणारे, वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणारे यंत्र. आकड्यांनी यंत्र चालवण्याची कल्पना हेलिकॉप्टरच्या पात्यांवरून आली. अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स यांना 1940च्या दशकात त्या पात्यांची वळणे अचूक हवी होती. वळणावरच्या बिंदूंचे आकडे पंचकार्डाच्या यंत्रावर काढून त्यानुसार कापायचे, हा त्यांचा मार्ग. पुढे एमआयटीच्या प्रयोगशाळेने 1952 मध्ये छिद्रांच्या पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले, तेव्हा त्याच्या नियंत्रणालाच कपाटभर जागा लागत होती. आज तेच काम तळहातावर मावणारे आर्डुइनो आणि 2009 साली आलेली ‘जीआरबीएल’ ही मोफत आज्ञावली करते. मेंदू स्वस्त झाला. हाडे झाली नाहीत. घरी यंत्र बांधणारा मात्र पहिला प्रश्न विचारतो तो मोटरचा. मीही तोच विचारला होता.

मोटरचे गणित खरे तर सोपे आहे. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावले टाकते. तिला फेऱ्यामागे 5 मिलिमीटर सरकवणारा बॉलस्क्रू जोडला, तर एक पाऊल 0.025 मिलिमीटरचे पडते. लाकडाला याहून बारीक काही नको. आता हे दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवा. 20 मिलिमीटर जाडीच्या दोन गोल पोलादी दांड्या, 800 मिलिमीटर अंतरावर फक्त टोकांना टेकवलेल्या, त्यांच्यावर पाते धरणारा गाडा. कठीण लाकडात पाते शिरले आणि गाड्यावर 10 किलो वजनाइतका जोर आला, तर मध्यावर दांड्या सुमारे 0.34 मिलिमीटर वाकतात. मोटरच्या तेरा-चौदा पावलांइतके हे वाकणे आहे आणि मोटरला त्याचा पत्ताही नसतो. साध्या स्टेपरला आपण कुठे पोहोचलो हे कळत नाही, किती पावले टाकायची तेवढेच कळते.

वाकण्याचा हिशेब घराच्या तुळईसारखाच. लांबी निम्मी केली तर वाकणे आठपट कमी होते, आणि गोल दांडीची जाडी दुप्पट केली तर सोळापट. म्हणून दांड्यांऐवजी सपाट पायावर पूर्ण लांबीभर बोल्टने आवळलेले चौकोनी रूळ घ्यावेत. रुळाला पाठीशी आधार मिळतो आणि वाकायचे काम सांगाड्यावर जाते. मग सांगाडा कशाचा? ॲल्युमिनियम पोलादाच्या साधारण एक तृतीयांश ताठ असते, तर एमडीएफ सुमारे पन्नासावा हिस्सा. तरी नुसत्या आकड्यांवर जाऊ नये, कारण आकारही बरेच भरून काढतो. पात्यामुळे आडव्या तुळईला पीळ बसतो, आणि पिळाला बंद चौकोनी पाइप जसा तोंड देतो तसा उघडा सी-चॅनेल देत नाही. खाचांचे तयार ॲल्युमिनियम घरी करवतीने कापून बोल्टने जुळवता येते, चुकले तर सोडवता येते. एकट्याने घरात काम करणाऱ्याला मी तेच सांगेन.

पोलादी पाइप स्वस्त आणि दणकट, पण वेल्डिंगच्या उष्णतेने तो ओढला जातो. माझ्या दुसऱ्या सांगाड्याला वेल्डरने चारही कोपरे शिकंज्यात धरून थोडे थोडे टाके मारले, तरी रूळ बसायची जागा अर्धा मिलिमीटर वर-खाली निघाली. तशा जागेवर रूळ आवळला तर तोही तेवढाच वाकतो आणि गाडा अडखळत धावतो. ती जागा कारखान्यातून मशीनवर सपाट करून आणली. त्या कामाचे पैसे मोटरांहून जास्त झाले आणि मला ते पटले. तुळईची उंचीही बेताची ठेवली. दाराच्या फळ्या 40 मिलिमीटरच्या आत असतात, मग पाते 150 मिलिमीटर खाली लोंबत ठेवून तरफ कशाला वाढवायची?

बॉलस्क्रूबद्दल एक इशारा. तो इतका सुळसुळीत चालतो की आमच्याकडे वीज गेली, तसा जड स्पिंडल आपल्या वजनाने हळूच खाली घसरू शकतो आणि पाते कामात रुतते. उभ्या अक्षाला म्हणूनच ब्रेकची मोटर किंवा वजन पेलणारी स्प्रिंग लावावी. पाते फिरवायला सुरुवातीला सुताराचा हातातला ट्रिमर पुरतो, फक्त आवाज कान किटवतो. 24,000 फेऱ्यांचा स्पिंडल शांत असतो, पण त्याला व्हीएफडी लागते, आणि तिच्या विद्युत गोंगाटाने मर्यादा-स्विच कुणी न दाबताच ‘दाबला’ म्हणतात. त्यांच्या तारा जाळीच्या आवरणाच्या घ्याव्यात आणि स्पिंडलच्या तारेपासून दूर न्याव्यात.

लाल थांबा-बटणावर पैसे वाचवू नयेत. त्याचा संपर्क एरवी जोडलेला आणि दाबल्यावर तुटणारा असावा, म्हणजे उंदराने तार कुरतडली तरी यंत्र थांबेल. ते स्पिंडल आणि मोटरांची वीज थेट तोडणारे असावे, संगणकाला निरोप देणारे नव्हे. धूळ ओढणारा पंपही पहिल्या दिवसापासून हवा. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग-संशोधन संस्था लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत मोजते. वडील चाळीस वर्षे ती तोंडाला फडकेही न बांधता खात आले. पंप बसवला तेव्हा पहिला आक्षेप त्यांचाच होता, आवाजाचा.

दुसरे यंत्र आता तिसरा पावसाळा काढते आहे. पाऊस लागला की पहिल्या आठवड्यात वडील टाकाऊ फळीवर एक चौरस कोरून घेतात आणि टेप काढतात. यंदा फरक टेपवर वाचता आला नाही. ते चष्मा पुसून पुन्हा मोजायला बसले.