मशीनची चावी कोणाकडे?

कुरवंडे गाव नागफणीच्या कड्याला लागून आहे. गावाखालच्या घाटाचे नाव इतिहासात आहे. १६६१ साली कारतलबखानाची फौज याच घाटाने उतरली आणि खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली. गावाशेजारी नौदलाचे आय.एन.एस. शिवाजी हे केंद्र आहे. १९४५ पासून तेथे जहाजांच्या इंजिनांची विद्या शिकवली जाते. म्हणजे यंत्रविद्या या गावाच्या दाराशी ८० वर्षे नांदते आहे. पण कुरवंड्यातल्या, किंबहुना सगळ्या मावळातल्या मुलांची यंत्राशी खरी गाठ पडते ती लोणावळ्याहून लोकल पकडून तळेगाव, चिंचवड गाठल्यावर, किंवा तेथून पुढे चाकण, भोसरीच्या कारखान्यांत गेल्यावर.

हल्ली अशा मुलाची आई शेजारणीला अभिमानाने सांगते, "पोरगा कॉम्प्युटरच्या मशीनवर आहे." खोटे नाही. तो सीएनसी लेथवर असतो. पण तेथे तो करतो काय? दार उघडायचे, झालेला जॉब काढायचा, नवा लावायचा, दार बंद करायचे, हिरवे बटण दाबायचे. मधल्या वेळात काढलेला जॉब मापायचा. आठ तासांच्या पाळीत हेच शेकडो वेळा. पडद्याच्या बाजूला एक बारीक चावीचे भोक असते. चावी बंद बाजूला असेल तर प्रोग्राम चालवता येतो, बदलता येत नाही. ती चावी सेटरच्या किंवा प्रोग्रामरच्या खिशात असते.

चावी काढून ठेवण्यात वावगे काही नाही. एक आकडा चुकला तर लाखो रुपयांचे मशीन ठोकरते. परंतु पालकांनी आणि मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रोग्राम बदलायला चावी लागते, वाचायला लागत नाही. तो दिवसभर डोळ्यांसमोर पडद्यावर सरकत असतो आणि आपली बहुतेक मुले त्याच्याकडे पाहतही नाहीत, कारण ते 'इंग्रजी' आहे असा समज. ते इंग्रजी नव्हे. अक्षरे रोमन आहेत एवढेच. आपण येथे ती मराठीत लिहून पाहू.

समजा ५४ मिलिमीटर जाडीचा दांडा आहे आणि तो पुढच्या बाजूने ३० मिलिमीटर लांबीपर्यंत ५० व्यासाचा करायचा आहे. फानुक कंट्रोलच्या लेथवर प्रोग्राम साधारण असा असेल:

टी ०१०१
जी ५० एस २५००
जी ९६ एस २०० एम ०३
जी ०० एक्स ५०.० झेड २.० एम ०८
जी ०१ झेड -३०.० एफ ०.२
जी ०० एक्स ६०.०
जी ०० झेड १००.०
एम ३०

टी म्हणजे टूल : एक नंबरचे हत्यार घे, त्याचे एक नंबरचे माप लाव. जी म्हणजे कोणत्या रीतीने चालायचे. एम म्हणजे मशीनची किरकोळ कामे. एम ०३ ने चक फिरू लागतो, एम ०८ ने पाणी सुरू होते. एक्स हा व्यास, झेड ही लांबी. जॉबच्या तोंडाशी झेड शून्य, चककडे गेले की वजा. जी ०० म्हणजे धावत जा, जी ०१ म्हणजे कापत जा. एफ ०.२ म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात ०.२ मिलिमीटर पुढे सरक. वर दिलेल्या आठ ओळी एवढ्यात वाचून झाल्या. लेथवरचे नेहमीचे काम पाहिले तर अशा तीस-चाळीस शब्दांच्या पलीकडे जात नाही.

वर ५०.० असे लिहिले आहे, त्या ठिपक्याकडे पाहा. अनेक फानुक कंट्रोलवर, विशेषतः जुन्या, ठिपका न देता नुसते ५० लिहिले तर मशीन त्याचा अर्थ ५० मिलिमीटर असा घेत नाही. ते ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिलिमीटर समजते. आणि ओळीत जी ०० असेल तर हत्यार ५० व्यासावर थांबण्याऐवजी थेट मधोमध धावते. आमच्या उदाहरणात झेड २.० असल्याने ते जॉबच्या तोंडापुढे दोन मिलिमीटरवर राहील, पण पुढच्या ओळीत झेड -३०.० आहे! हत्यार समोरून जॉबच्या पोटात शिरते आणि मोडते. एका ठिपक्याचा फरक वाचता येणाऱ्या ऑपरेटरला नवा प्रोग्राम प्रथम चालवताना दिसतो. ज्याला वाचता येत नाही त्याला तो आवाज झाल्यावर कळतो, आणि मग चौकशीत 'मशीनवर कोण होते?' हाच प्रश्न पहिला येतो. म्हणून नवा प्रोग्राम एकेक ओळ थांबवत, धावण्याचा वेग कमीत कमी ठेवून चालवावा आणि पडद्यावरचे 'अजून किती जायचे आहे' हे आकडे पाहावेत.

दुसरी गोष्ट जी ९६ ची. 'एस २००' म्हणजे येथे २०० फेरे नव्हेत. कापताना जॉबचा पृष्ठभाग हत्यारासमोरून मिनिटाला २०० मीटर सरकला पाहिजे, असा हुकूम आहे. फेरे मशीन स्वतः काढते : वेगाला १००० ने गुणायचे, मग ३.१४ गुणिले व्यासाने भागायचे. ५० व्यासाला सुमारे १२७४ फेरे येतात. १० व्यासाला तेच गणित ६३७० वर जाते. हत्यार मध्याकडे जाऊ लागले की व्यास शून्याकडे आणि फेरे आकाशाकडे. त्यासाठीच वरची ओळ आहे, जी ५० एस २५००, म्हणजे काही झाले तरी २५०० च्या वर जाऊ नको. ही ओळ विसरली आणि जॉब जड किंवा पकड अपुरी असली, तर जॉब चकमधून सुटू शकतो. शाळेत वर्तुळाचा परीघ शिकवतात तेव्हा मुले विचारतात, याचा उपयोग काय? हा उपयोग.

या भाषेचा जन्म अमेरिकेत झाला. हेलिकॉप्टरच्या पंख्याची पाती बनवणारे जॉन पार्सन्स यांनी वक्र आकाराचे शेकडो बिंदू हिशेबयंत्रावर काढून त्याप्रमाणे मशीन चालवण्याची कल्पना काढली. १९४९ मध्ये त्यांना अमेरिकन हवाई दलाचे काम मिळाले. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या एम.आय.टी. संस्थेने १९५२ मध्ये भोके पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे मिलिंग मशीन जगाला दाखवले. १९५९ मध्ये तेथेच 'एपीटी' ही शब्दांत हुकूम देण्याची भाषा पत्रकारांपुढे मांडली, तेव्हा आलेल्या प्रत्येकाला तिच्यावर कोरलेला ॲल्युमिनियमचा ॲश-ट्रे भेट दिला! फीत गेली, पण खूण राहिली. एम ३० चा अर्थ आजही 'प्रोग्राम संपला, आता मागे गुंडाळ' असाच आहे, गुंडाळायला काही उरले नसले तरी.

याच सुमारास दुसरीही एक वाट होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जनरल इलेक्ट्रिक कंपनीने कुशल कामगाराच्या हाताच्या हालचाली चुंबकीय फितीवर टिपून मशीनकडून त्याच पुन्हा करून घेण्याची पद्धत तयार केली होती. तिच्यात प्रोग्राम लिहिणारा म्हणजे तो कामगारच. ती मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की याला केवळ तांत्रिक कारण नव्हते. मशीनचे ज्ञान कामगाराच्या हातून काढून कचेरीतल्या टेबलावर न्यावे, हीही व्यवस्थापनाची इच्छा होती. नोबल यांचे सगळेच मत मान्य करावे असे नाही, कारण पंख्याच्या पात्याचे वक्र हाताने कापून टिपणे अवघडच होते. पण कारखान्यात ज्याने काम केले आहे त्याला त्यांचा मुद्दा समजायला वेळ लागणार नाही.

आपल्या समाजाला तर तो विशेष समजावा. मुंबईच्या गिरण्यांत आपले आजे-पणजे राबले, परंतु जेथे मजुरी अधिक होती त्या विणकर खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे. सूत विटाळेल म्हणून इतरांचा विरोध. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. काम येत नव्हते म्हणून दार बंद नव्हते. दार बंद होते म्हणून काम येत नव्हते. आजच्या मशीनवरचे कुलूप तसे नाही, जात विचारून चावी काढत नाहीत, निदान कागदावर तरी. पण नुसते बटण दाबणारा माणूस आठवड्यात तयार होतो आणि आठवड्यात बदलता येतो. कंत्राटी कामगाराला हे सांगायला नको. शिवाय जॉब लावणे-काढणे आता अनेक कारखान्यांत यंत्राचा हातच करतो.

मोठ्या कारखान्यात प्रोग्राम हाताने लिहितच नाहीत, संगणकावरचे कॅम सॉफ्टवेअर लिहिते, असे कोणी सांगेल. बरोबर आहे. चित्रावरून हत्याराचा मार्ग सॉफ्टवेअर ठरवते आणि 'पोस्ट-प्रोसेसर' नावाचा दुभाषा त्याचे जी कोडमध्ये भाषांतर करतो. पण शेवटी मशीनपुढे येतात त्या याच ओळी, आणि दुभाषा चुकला तर तेथे उभा असलेल्यालाच ते पकडावे लागते.

आणि दुभाषे लागतातच, कारण ही भाषाही प्रांताप्रांताला बदलते. मावळातला आणि वऱ्हाडातला माणूस एकमेकांचे समजून घेतो, तरी काही शब्द फसवतात, तसेच. जी ०० आणि जी ०१ जवळपास सगळीकडे एकच. पण जी ७१ पाहा. जपानच्या फानुकच्या लेथवर त्याचा अर्थ जाडसर माल काढण्याचे पूर्ण चक्र. जर्मनीच्या सीमेन्सच्या कंट्रोलवर त्याचा अर्थ फक्त 'मापे मिलिमीटरमध्ये आहेत'. एका कारखान्यातून दुसऱ्यात गेलेला चांगला कारागीरही येथे अडखळतो.

शिकायचे कोठे? दहावीनंतर आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हा सरळ रस्ता आहे, आणि त्यात सीएनसीचा भाग आहे. छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारचे इंडो-जर्मन टूल रूम आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी तेथे विनाशुल्क अभ्यासक्रम चालवले गेले आहेत. चालू वर्षी काय आहे ते समक्ष विचारावे. खासगी वर्गांत पैसे भरण्याआधी एवढेच पाहावे की मशीन खरे आहे की भिंतीवरचे चित्र, आणि मुलाच्या हाताला ते आठवड्यातून किती तास मिळणार. घरी जुना संगणक असेल तर 'लिनक्ससीएनसी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामातून ते आले. मशीन नसतानाही त्यात प्रोग्राम लिहून हत्याराचा मार्ग पडद्यावर पाहता येतो. त्याची बोली फानुकशी तंतोतंत जुळत नाही, पण ठिपका आणि वजाचे चिन्ह चुकवून पाहायला याहून स्वस्त जागा नाही. मुलींनाही येथेच बसवावे. जुन्या लेथची हँडले फिरवायला जोर लागे, येथे लागतो तो हिशेब.

जी मुले आधीच मशीनवर आहेत त्यांनी चावीची वाट पाहू नये. सुरुवात मापांपासून होते. जॉब ५० हवा आणि मायक्रोमीटरवर ५०.०३ आला, तर हत्याराच्या झिजेच्या रकान्यात एक्सला वजा ०.०३ घालायचे. हे सेटर करताना पाहावे, आणि 'वजा का?' हे विचारावे. बरेच सेटर सांगतात. मग खिशात एक दोनशे पानी वही ठेवावी. पहिल्या पानावर आपल्या मशीनच्या कंट्रोलचे नाव आणि मॉडेल, पडद्याच्या वरच्या पट्टीवर असते तेच, जसेच्या तसे उतरून घ्यावे. पुढे रोज दोन ओळी प्रोग्रामच्या आणि समोर मराठीत त्यांचा अर्थ. जी ७१ समोर मात्र दोन रकाने आखून ठेवावेत.