मागच्या एक्सलचा रंग : आधी सफाई, मग डबा

आजचा विषय गाडीच्या पोटाखालचा आहे, म्हणून तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. बोलेरो, सुमो, इको अशा गाड्यांना मागे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत आडवं लोखंडी हाउसिंग असतं आणि मध्ये डिफरन्शियलचा गोळा. हाच मागचा एक्सल. तो तांबडा दिसायला लागला की प्रश्न येतो, ‘याला टिकाऊ रंग कोणता?’ आमचं उत्तर थोडं उलट्या बाजूनं आहे. रंग दुकानात निवडायचा नसतो. आपल्याकडून सफाई कितपत होणार आहे, हे आधी ठरवायचं आणि तिला चालेल असा रंग घ्यायचा.

महाड-पोलादपूर भागात हे जास्त महत्त्वाचं का? पोलादपूरच्या नावात पोलाद असलं तरी इथली हवा पोलादाची वैरीणच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या पुढे गेली की उघडं लोखंड झपाट्यानं गंजू लागतं. इथे पावसाळाभर ती त्याहून खूप वर असते. आंबेनळी आणि कशेडी घाटात टायरखालची खडी उडून रंगाचे टवके काढते. श्रीवर्धनकडून मासळी आणणाऱ्या गाडीत पेट्यांतलं खारं पाणी खाली ठिबकतं. शिवाय सावित्रीचा पूर. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडमध्ये कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. पूर ओसरतो, पण गाळ स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये आणि वेल्डिंगच्या खाचांत बसून राहतो आणि ओल धरून ठेवतो.

आता धोका कशाला आहे ते नीट समजून घेऊ. हाउसिंगचा पत्रा जाड असतो, तो एका पावसाळ्यात जात नाही. पण त्याच एक्सलवरून ब्रेक ऑइलची लोखंडी नळी गेलेली असते आणि तिची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. क्लिपखाली गाळ अडकतो, नळी तिथेच खाल्ली जाते. माणसं भरलेली गाडी महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत असताना ती फुटली, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून नियम एकच : रंगाआधी नळी तपासा. खड्डे पडलेली नळी रंगवायची नाही, बदलायची.

गंजावर रंग का टिकत नाही? गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो आणि तो सच्छिद्र असतो. आत पाणी-मीठ राहिलं की गंज खालून फुगतो आणि वरचा रंग पोपड्यासारखा उचलतो. रंग वाईट नव्हता, त्याच्या पायाखालची जमीन भुसभुशीत होती.

म्हणून सफाईच्या तीन पायऱ्या धरू.

पहिली, एक्सल उतरवून सँड ब्लास्टिंग. लोखंड करडं, स्वच्छ आणि किंचित खरखरीत होतं. इथेच झिंक प्राइमरला अर्थ आहे, कारण त्यातलं जस्त लोखंडाला थेट टेकलं तरच ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. त्यावर दोन भागांचं इपॉक्सी. पावडर कोटिंगही चालतं, पण टवका उडाला की पाणी कडेनं आत सरकतं आणि घरच्या घरी डागडुजी नीट होत नाही.

दुसरी, एक्सल गाडीलाच ठेवून वायर ब्रश, ग्राइंडर आणि पॉलिश पेपर. बहुतेकांच्या आवाक्यातली हीच. इथे झिंक प्राइमरवर पैसे घालू नका. उरलेल्या गंजावर त्याचा उपयोग नाही. ‘इपॉक्सी मास्टिक’ प्रकारचा रंग घ्या. घट्ट बसलेल्या पातळ गंजावरही तो धरतो आणि एका हातात शंभर मायक्रॉनच्या आसपास जाडी देतो. साध्या एनॅमलचा हात त्याच्या निम्म्याहूनही पातळ असतो.

तिसरी, नुसतं धुऊन वरवर खरवडणं. यावर कुठलाच रंग टिकाऊ नाही. रेड ऑक्साइड आणि चेसिस ब्लॅक मारून एक-दोन पावसाळे निघतील, एवढीच अपेक्षा ठेवा.

आता नेहमीच्या शंका. अंडरबॉडीचं रबरी किंवा डांबरी कोटिंग? पत्र्याच्या तळाला ठीक, पण गंजलेल्या एक्सलवर थेट नको. ते ओल आत कोंडतं आणि वेल्डची चीर किंवा ऑइलची गळती झाकून टाकतं. जळकं ऑइल? ते रबरी बुश आणि होज खराब करतं, धूळ धरतं, आणि पुढे रंग बसू देत नाही. महागडा चकचकीत पीयू? इपॉक्सी उन्हात भुरकट होतं म्हणून त्यावर पीयू देतात. गाडीखाली ऊनच पोचत नाही. तो खर्च सफाईवर करा.

मुहूर्तही पाहायचा. लोखंड दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश गरम हवं आणि आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या आत हवी, हा रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू २५ च्या आसपास येतो. म्हणजे दोनच अंशांचं अंतर. डोळ्यांना न दिसणारं दव लोखंडावर बसलेलं असू शकतं. म्हणून जुलैत रंगवू नका. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम, तोही सकाळचं दव उडाल्यावर.

काम करताना गाडी घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. आधी ग्रीस-ऑइल काढा, मगच ब्रश मारा, नाहीतर तेलच घासून पसरतं. धुऊन पूर्ण वाळू द्या. हाउसिंगवरची हवेची बारीक नळी, ब्रेकचा रबरी होज, ब्लीडरची निपल आणि ऑइलचे बोल्ट टेपनं झाका. हवेची नळी रंगानं बुजली तर दाब वाढून सीलमधून ऑइल गळतं. पाटे बसतात त्या जागेवर जाड थर नको. तो दबला की यू-बोल्ट सैल पडतात. कडा आणि वेल्ड ब्रशनं आधी रंगवा, मग बाकीचा भाग. इपॉक्सीचे दोन भाग डब्यावरच्या मापानंच मिसळा आणि पुरता कडक व्हायला आठवडा द्या.

गाडी पुरात उभी राहिली असेल, तर रंगाआधी डिफरन्शियलचं ऑइल काढून बघा. ते दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय. बाहेरून कितीही चांगला रंग द्या, बेअरिंग आतून गंजत राहील.

आणि शेवटचं : दर पावसाळ्यानंतर गाडीचं पोट पाण्यानं धुऊन बॅटरी मारून बघा. टवका दिसला की तेवढीच जागा घासून रंगवा. टिकाऊपणा डब्यात अर्धाच येतो. उरलेला अर्धा या वर्षातून एकदाच्या तासाभरात आहे.