नैराश्याच्या गोळ्या थांबवल्यावर भूक का बदलते?

बरं वाटू लागलं की अनेक जण नैराश्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारताच बंद करतात. मग दोन-चार दिवसांत जेवण नकोसं होतं, ताट समोर आलं की मळमळतं. घरच्यांना वाटतं पित्त झालं असेल, तर रुग्णाला धास्ती वाटते की आजार परत आला. पण कारण तिसरंच असू शकतं.

पोटाचा काय संबंध?

यातल्या बहुतेक गोळ्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नव्हे, तर पचनसंस्थेत असतं. त्यामुळे गोळी अचानक थांबली की त्याचा परिणाम पोटावरही होतो. मळमळ, जुलाब, भूक मंदावणं असे त्रास होतात. सोबत चक्कर, झोपमोड, चिडचिड किंवा डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, हेही होऊ शकतं.

याचा अर्थ गोळ्यांचं व्यसन लागलं असा नाही. शरीर औषधाला सरावलेलं असतं आणि त्याला पुन्हा जुळवून घ्यायला वेळ लागतो.

सगळ्यांना सारखाच त्रास होतो का?

नाही. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून त्यांचा त्रास जास्त जाणवतो. फ्लुओक्सेटिनचा अंश काही आठवडे शरीरात राहतो. त्यामुळे त्रास सहसा कमी किंवा उशिरा होतो.

औषधाचा मूळ परिणामही महत्त्वाचा आहे. मिर्टाझापिन भूक वाढवतं, त्यामुळे ते थांबल्यावर भूक कमी होऊ शकते. उलट ब्युप्रोपिऑनमुळे अनेकांची भूक कमी झालेली असते, ती नंतर परत येऊ शकते.

आजार परतला हे कसं ओळखायचं?

भूक बदलणं हे नैराश्याचंही लक्षण आहे, म्हणूनच गोंधळ होतो. औषध थांबवल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो आणि चक्कर, झटके अशी नवी लक्षणं घेऊन येतो. अनेकांना तो एक-दोन आठवड्यांत कमी होतो, काहींना मात्र महिनोन्‌महिने जाणवतो. आजार परतत असेल तर तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांनी दिसू लागतो. उदासी, कशातच रस न वाटणं ही जुनी लक्षणं वाढत जातात. तरीही घरच्या घरी निष्कर्ष काढू नये. दोन्ही गोष्टी एकत्रही असू शकतात.

मग काय करावं?

- गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने कमी करतात. त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात.
- गोळ्या आधीच थांबवल्या असतील, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. जुना डोस परस्पर सुरू करू नये.
- भूक नसेल तर थोडं थोडं, पण वारंवार खावं. मऊ भात, पेज, ताक चालतं. पाणी पीत राहावं.
- पाणीही पोटात टिकत नसेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर लगेच दवाखाना गाठावा.
- जीव नकोसा वाटत असेल तर थांबू नये. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि २४ तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.

अनेकांना गोळ्या कधीतरी थांबवता येतात. फक्त ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि सावकाश व्हायला हवं.