पोर अंगणवाडीत, आईचा जीव दारात

जत : जूनमध्ये अंगणवाडीच्या दारात रडारड सुरू होते. पोरं आत रडतात, आया बाहेर. काही बाप गाडी चालू ठेवूनच उभे असतात. त्यांचाही पाय निघत नाही, पण तसं बोलायचं कसं!

तीन वर्षं कडेवर वाढलेलं लेकरू पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती जातं. जीव तुटणारच. मात्र त्याची नजर चुकवून पळून येऊ नये, दुसऱ्या दिवशी ते पदरच सोडत नाही. "खिचडी खाल्लीस की न्यायला येते," असं सांगून निघावं आणि तेव्हाच पोचावं. एवढ्याशा पोराला घड्याळ कळत नाही, खिचडी कळते.

पूर्व भागात उमदी, संखकडं बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. पोर 'नीरु' म्हणालं तर पाणी हवंय, असे चार शब्द नव्या सेविकेला आधीच सांगून ठेवावेत.

खरी कसोटी दिवाळीच्या मागंपुढं. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आई-बाप फडावर आणि पोर आजीकडं. जूनमध्ये रुळलेलं पोर पुन्हा दारात रडतं. आजीला वाटतं, शाळेला कंटाळलं, राहू दे घरी. ते शाळेला नाही, आईला शोधत असतं. अशा वेळी अंगणवाडी बंद करू नये. रोजची तेवढी एकच गोष्ट त्याच्या ओळखीची उरलेली असते. रात्री फडावरून फोन करावा, आज काय खाल्लं ते विचारावं.

पोर सोबत नेणार असाल तर निघण्याआधी सेविकेला सांगा. पोषण ट्रॅकरवर नाव दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत वळवायची सोय आहे.