कागदावरचे पोलाद

स्टेनलेस स्टीलचा चकचकीत फ्लँज हातात घेतला, तर तो ३०४ आहे की ३१६ हे जन्मभर धातूत काम केलेल्या माणसालाही नुसत्या नजरेने सांगता येत नाही. रंग तोच, वजन जवळपास तेच, लोहचुंबक दोघांनाही धरत नाही. फरक असतो दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमचा. तेवढ्याने ३१६ खाऱ्या पाण्यात तग धरते आणि ३०४ ला बारीक खड्डे पडू लागतात. भावात मात्र चांगलाच फरक आहे, आणि लबाडीला वाव मिळतो तो इथेच.

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या लिंगी चेट्टी स्ट्रीट, सेंबुदास स्ट्रीट या गल्ल्यांत पाइप, व्हॉल्व्ह, फ्लँजची दुकाने एकाला एक लागून आहेत. तिथला माल आणि अंबत्तूरच्या कारखान्यांतला माल त्रयस्थ तपासनीस म्हणून तपासणे हा माझा व्यवसाय. घराणे विट्याकडचे, गलाईवाले. मिंट स्ट्रीटच्या आतल्या गल्लीत आण्णा अजून सोने गाळतात. गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो, टंच काढल्याशिवाय ते आकडा बोलत नाहीत. मी त्यांच्याच हाताखाली वाढलो, फक्त धातू बदलला.

पोलादाच्या प्रत्येक ओतीला एक हीट नंबर असतो. भट्टीतून त्या ओतीचा नमुना घेतात, त्यातले कार्बन, क्रोमियम, निकेल मोजतात आणि एम.टी.सी. नावाच्या दाखल्यावर लिहितात. पुढे त्या ओतीचे पाच तुकडे झाले की पाचही तुकड्यांवर तोच नंबर ठोकायचा. म्हणजे वीस वर्षांनी एखादा व्हॉल्व्ह फुटला, तरी तो कुठल्या भट्टीतून आला हे शोधता यावे. रीत उत्तम आहे. पण दाखला कागदाचा असतो, आणि नंबर ठोकणारा हातोडा कोणाच्याही हातात असू शकतो.

एकदा एका रासायनिक कारखान्यासाठी बनलेले व्हॉल्व्ह तपासत होतो. कागदपत्रे निर्दोष होती, नंबर जुळत होते. एका व्हॉल्व्हवर टॉर्च तिरपा धरला तेव्हा आकड्यांखाली धातू किंचित खोलगट दिसला. ग्राइंडर फिरवून जुना नंबर घासला होता आणि वर नवा ठोकला होता. धातूतली मूलद्रव्ये ओळखणारे क्ष-किरणांचे पिस्तूल टेकवले. मॉलिब्डेनम जवळजवळ शून्य! अख्खा लॉट परत पाठवला. पुरवठादार रागाने एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘‘सर्टिफिकेट इरुक्कु, सार!’’ दाखला होताच. तो दुसऱ्याच पोलादाचा होता.

अणुभट्टीच्या गाभ्यात जाणारा माल या बाजारातून जात नाही. त्याचे पुरवठादार निवडक असतात आणि काम ठरावीक टप्प्यांवर थांबवून, निरीक्षकाने सही केल्याशिवाय पुढे सरकत नाही. तरीही मला त्याची काळजी वाटते, कारण सगळी साखळी अखेर त्याच दोन गोष्टींवर उभी आहे : दाखला आणि ठोकलेला नंबर.

ही काळजी हवेतली नाही. तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या कूडनकुळमला रशियाच्या दोन हजार-हजार मेगावॅटच्या अणुभट्ट्या उभ्या राहत असताना, २०१२ च्या सुरुवातीला रशियातून बातमी आली. अणुभट्ट्यांची मोठी उपकरणे बनवणाऱ्या झिओ-पोडोल्स्क कारखान्याच्या खरेदी विभागाच्या प्रमुखाला अटक झाली होती. स्वस्तातले हलके पोलाद चांगल्याच्या नावाखाली घेऊन वरचे पैसे खिशात घातल्याचा आरोप होता. याच कारखान्याची उपकरणे कूडनकुळमला आली होती. अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी जाहीर लिहून प्रश्न विचारले. एप्रिल २०१३ मध्ये मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एस. एस. बजाज यांनी सांगितले, की हजारो व्हॉल्व्हच्या चाचण्यांत एका प्रकारचे चार व्हॉल्व्ह उणे ठरले आणि त्यांचे भाग बदलले. पोडोल्स्कच्या प्रकरणाशी या चार व्हॉल्व्हचा संबंध जोडणारे काही त्या निवेदनात नव्हते, आणि तो जोडण्याचा हक्क मलाही नाही. पण दोष नेमका कुठे होता? धातूत, घडणीत की जुळणीत? माझ्यासारख्याला पहिला प्रश्न हाच पडतो, आणि निवेदनात त्याचे उत्तर नव्हते.

कूडनकुळम प्रकल्पाविरुद्धचा खटला जॉर्ज टाउनच्या वेशीवरच्या मद्रास उच्च न्यायालयात चालला. ३१ ऑगस्ट २०१२ ला तिथे याचिका फेटाळल्या गेल्या आणि प्रकरण दिल्लीला गेले. ६ मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला, पण पंधरा निर्देश देऊन. त्यातला पहिलाच निर्देश असा, की सुट्या भागांची आणि यंत्रणांची गुणवत्ता तपासून अंतिम मंजुरी मिळाल्याखेरीज प्रकल्प चालू करू नये. पर्यावरण, विस्थापन, समुद्राचे तापमान एवढे सगळे विषय पुढ्यात असताना न्यायाधीशांनी व्हॉल्व्ह-पाइपला पहिले स्थान दिले, याचे मला फार समाधान वाटते. १३ जुलै २०१३ ला पहिल्या अणुभट्टीत साखळी प्रक्रिया सुरू झाली.

त्याच मे महिन्यात दक्षिण कोरियात नियंत्रण केबलींच्या चाचणीचे अहवाल बनावट निघाले आणि चालत्या अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या. आदल्या नोव्हेंबरमध्ये तिथेच फ्यूज, पंखे, स्विच अशा हजारो भागांचे दाखले खोटे ठरले होते. वर्ष संपण्याआधी शंभर जणांवर आरोप ठेवले गेले. मोठा घटक नव्हे, फ्यूज! ज्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, अशी वस्तू.

लबाडी नसतानाही माल फसवू शकतो. फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलच्या अणुभट्टीच्या पात्राचे झाकण आणि तळ ल क्रूझोच्या जुन्या, नावाजलेल्या कारखान्यात घडवले होते. कार्बन ०.२२ टक्क्यांच्या आत हवा होता, तो काही ठिकाणी ०.३० निघाला. हे २०१५ मध्ये जाहीर झाले. कार्बन वाढला की पोलाद कडक होते, पण ठिसूळही होते, आणि त्याला पडलेली चीर लवकर पसरते. माझे क्ष-किरणांचे पिस्तूल इथे निरुपयोगी आहे. कार्बनइतके हलके मूलद्रव्य त्याला दिसतच नाही. त्यासाठी धातूवर ठिणगी पाडून तिच्या प्रकाशाचे पृथक्करण करावे लागते, नाहीतर कापून प्रयोगशाळेत न्यावे लागते. पुढच्याच वर्षी त्या कारखान्याच्या जुन्या नोंदी उघडल्या, तर कित्येक घटकांच्या कागदपत्रांत गडबड सापडली.

आपल्या शेजारचे उदाहरण गुजरातमधल्या काक्रापारचे. ११ मार्च २०१६ ला सकाळी तिथल्या पहिल्या अणुभट्टीत जड पाणी गळू लागले. या भट्टीत इंधन ३०६ नळ्यांत असते. नळ्या झिरकोनियम-नायोबियमच्या, आणि त्यांच्याभोवती कार्बन डायऑक्साइड फिरता ठेवलेला असतो. त्यातली एक नळी चिरली होती. नळ्यांवर बाहेरून गंजाचे ठिपके होते, आणि तपासाअंती दोष गेला त्या वायूतल्या हायड्रोकार्बनच्या अशुद्धीकडे. नळीचा धातू काटेकोर तपासलेला, पण भोवतीचा वायू म्हणजे साधा पुरवठ्याचा माल! नळ्या बदलून ती अणुभट्टी २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली.

भोपाळ आठवून २०१० च्या अणुदायित्व कायद्यात आपल्या संसदेने एक कलम मुद्दाम घातले होते. पुरवठादाराच्या सदोष मालामुळे अपघात झाला, तर भरपाई दिल्यावर ती त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क अणुकेंद्र चालवणाऱ्याला मिळाला. दोष उघड असो वा छुपा, दोन्ही त्यात धरले होते. परदेशी कंपन्यांना हे कलम वर्षानुवर्षे खुपत होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा ‘शांती’ कायदा केला, जुना रद्द केला आणि ते कलम गेले. करारात लिहून घेतले असेल किंवा कोणी मुद्दाम नुकसान घडवले असेल, तरच आता वसुली. अणुऊर्जा नियामक मंडळाला या कायद्याने वैधानिक दर्जा दिला, खासगी कंपन्यांनाही दार उघडले.

म्हणजे पुरवठादार वाढणार, आणि त्यांच्यावरचा धाक कमी होणार. मला हे चुकीचे वाटते. छुपा दोष ज्याच्या भट्टीत जन्मतो, तो कोणालाही आधी कळण्याची शक्यता असेल तर त्यालाच. कलम परत येत नसेल, तर वैधानिक झालेल्या मंडळाने एवढे तरी करावे : परत पाठवलेल्या प्रत्येक लॉटची नोंद वर्षाला छापावी. कुठला भाग, कुठली ओती, कुठल्या चाचणीत उणा पडला, आणि त्याच ओतीचे बाकीचे तुकडे कोणकोणत्या केंद्रांत बसवले आहेत.