पहाटेच्या गारठ्यात टेम्पो का खडखडतो?

आज पापड-लोणच्याचं नाही, इंजिनाचं बोलायचंय. हसू नका. आमच्या जयसिंगपूर भागातल्या तीन गटांनी मिळून बाजारात भाजी न्यायला एक जुना डिझेल टेम्पो घेतलाय. दर महिन्याला बँकेचा हप्ता असतो. दिवाळी झाली, नदीकाठाला गारठा पडायला लागला, आणि पहाटे चारला टेम्पो सुरू केला की आतून खडखड ऐकू यायला लागली. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. पाच-सहा सेकंदांत ती थांबायची, पण पुढं दोन-तीन मिनिटं गाडी थरथरायची आणि मागून पांढरा धूर निघायचा.

गॅरेजला नेली. तिथं पोचेपर्यंत इंजिन गरम झालेलं, आवाज गायब. तरी सांगण्यात आलं, इंजिन खोलावं लागेल, चाळीस हजार धरून चाला. गटाच्या बैठकीत शांतता पसरली. चाळीस हजार म्हणजे आमचे पाच महिन्यांचे हप्ते. एक काकू म्हणाल्या, "इकून टाका त्यो खटारा." टेम्पो चालवणाऱ्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण गाडी आपल्या हातून बिघडली असंच त्यांना वाटत होतं.

गटातल्या एकीचे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभा जन्म इंजिनं दुरुस्त करून आता घरी बसलेत. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "आधी खोलू नका, आधी ऐका. आवाज कवा येतो, किती येळ टिकतो, रेस दिल्यावर वाढतो का, आणि गरम झाल्यावर कमी होतो का वाढतो, एवढं आठ दिवस लिहून काढा." झालं, कर्जाच्या वहीशेजारी आमची आवाजाची वही सुरू झाली.

आता थंड इंजिन आवाज का करतं ते बघू. रात्रभर गाडी उभी असली की वरचं तेल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी सेल मारला की पंप ते तेल पुन्हा वर चढवतो, पण तोवर लोखंडावर लोखंड जवळजवळ कोरडंच फिरतं. गारठ्यात तेल काकवीसारखं घट्ट होतं, ते चढायला आणखी वेळ लागतो. ऑइल फिल्टरमध्ये रबराची एक छोटी झडप असते, ती रात्री तेल मागं उतरू देत नाही. ती झडप कडक झाली असेल, किंवा स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ती नीट बसलेली नसेल, तर फिल्टर रिकामा होतो. काही गाड्यांत टायमिंगची साखळी ताणून धरणारा भागही तेलाच्या दाबावर चालतो. तेल पोचेपर्यंत ती साखळी सैल राहते आणि खडखडते. म्हणून चालू करताच काही सेकंद खडखड आणि मग गप्प, असं असेल तर संशय आधी तेलावर आणि फिल्टरवर घ्यायचा. इंजिन खोलायची भाषा त्यानंतर.

इंजिनाच्या वरच्या बाजूनं शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक येत असेल आणि रेस दिल्यावर तीही भरभर होत असेल, तर ते बहुधा टॅपेट. त्यांची फट मोजून बसवून घेतली की काम भागतं. पण टिकटिकीबरोबर फुसफुस येत असेल आणि धुराचा वास बॉनेटजवळच येत असेल, तर सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जोडतो तिथलं पॅकिंग गेलेलं असू शकतं. गरम झाल्यावर लोखंड फुगून ती फट बुजते, म्हणून तोही आवाज सकाळीच जास्त.

तिसरा आवाज पोकळ, ठोक ठोक असा. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा आणि तो ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडर बहुतेक बिडाचं. गरम झाल्यावर ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगतं. म्हणजे थंडीत पिस्टन थोडा सैल असतो आणि कडेला आपटतो, गरम झाला की घट्ट बसतो. हा आवाज काही मिनिटांत जात असेल, ऑइल कमी होत नसेल आणि निळा धूर नसेल, तर गाडी बरीच वर्षं चालते. शर्यतीच्या गाड्यांत तर हे सगळे भाग इतके घट्ट बसवलेले असतात, की फॉर्म्युला वनच्या गाडीचं इंजिन सुरू करण्याआधी त्यात गरम पाणी आणि तेल फिरवून ते तापवून घेतात. कोट्यवधींच्या गाडीचे एवढे लाड करावे लागतात, मग आपल्या टेम्पोनं पहाटे चारला थोडी कुरकुर केली तर काय बिघडलं?

डिझेल गाडीचं एक वेगळंच असतं. तिच्यात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. थंडीत हवा पुरेशी तापत नाही, डिझेल उशिरा आणि एकदम पेटतं, त्याचा कडकड आवाज होतो. त्यासाठी हीटर प्लग असतात. चावी फिरवल्यावर समोर स्प्रिंगसारखा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं, मगच सेल मारायचा. घाईत आपण थांबत नाही. चारपैकी एक प्लग जरी जळाला, तरी ते एक सिलिंडर नीट पेटत नाही, गाडी थरथरते आणि न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं, तर मात्र हेडचं पॅकिंग बघायला लावा.

दव पडलेल्या सकाळी किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेल्ट. तो सैल असतो, झिजलेला असतो किंवा नुसता ओला.

आणि ज्याला खरंच भ्यायचं तो आवाज उलटा वागतो. खालून येणारा जड ठण ठण, गरम झाल्यावर वाढणारा, चढाला किंवा माल भरल्यावर आणखी वाढणारा. तो बेअरिंगचा असू शकतो. तेव्हा आणि ऑइलचा लाल दिवा सुरू केल्यावर काही सेकंदांत विझला नाही तेव्हा, गाडी तिथंच बंद करायची. भाजी सुकली तर सुकू दे.

ऐकायला जाताना पदर घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा. चालू इंजिनाच्या पंख्याजवळ आणि बेल्टजवळ वाकायचं नाही, पोरांना तर जवळही येऊ द्यायचं नाही. बंद शेडमध्ये किंवा गोठ्यात गाडी चालू ठेवून थांबू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस गप्पकन कोसळतो.

आमच्या वहीत आठही दिवस एकच नोंद आली. सुरुवातीला खडखड, गरम झाल्यावर काही नाही, माल भरला तरी आवाज वाढत नाही. वहिनींनी पहाटे पहिल्यांदा सेल मारतानाचा आवाज मोबाइलवर टिपून घेतला. मामांनी तो ऐकला आणि विचारलं, फिल्टर कुणी बदलला, तेल कुठलं घातलं? पावत्या काढल्या तर पावसाळ्यात पैसे वाचवायला साधा फिल्टर आणि कंपनीनं सांगितल्यापेक्षा जाड तेल घातलेलं. पावतीवर सह्या आमच्याच! मग दुसऱ्या गॅरेजला गाडी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवली आणि सकाळी त्यांच्यासमोर थंडच सुरू करायला लावली. पुस्तिकेत लिहिलेलं तेल, चांगला फिल्टर आणि एक जळालेला हीटर प्लग एवढं बदललं. मजुरीसकट साडेतीन हजारांच्या आत काम झालं.

आता वहिनी दिवा विझेपर्यंत थांबतात, सुरू झाल्यावर अर्धा मिनिट रेस देत नाहीत आणि पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी हळू नेतात. दर सोमवारी सपाट जागी, इंजिन बंद असताना ऑइलची काडी काढून पुसायची, पुन्हा घालून बघायची आणि वहीत लिहायचं, हे आळीपाळीनं एकेकीकडे असतं. काकूंची पाळी पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी काडी पुसायला नवऱ्याचं नवं टॉवेल वापरलं. त्याचे पैसे गटानं द्यायचे का, हा विषय पुढच्या बैठकीत आहे.